लहान मुलांसाठी इलेक्ट्रिक टूथब्रश: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पालकांकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेक उत्तरांमागे एकच गोष्ट आहे: मूल सात-आठ वर्षांचं होईपर्यंत ब्रश आईबाबांच्या हातात असायला हवा. म्हणून खरेदी करताना मुलाच्या तोंडाइतकाच तुमच्या हाताचाही विचार करा.

१. साध्या ब्रशने चालत नाही का? इलेक्ट्रिक खरंच लागतो का?

साधा ब्रश चालतो. रोज दोनदा, दोन-दोन मिनिटं, मोठ्या माणसाच्या हातून आणि रात्रीचा एकही दिवस न चुकवता दात घासले जात असतील, तर इलेक्ट्रिकवर पैसे घालवायची गरज नाही.

फरक पडतो, पण माफक. वैद्यकीय संशोधनांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २०१४ च्या आढाव्यात तीन महिन्यांहून जास्त वापरानंतर इलेक्ट्रिक ब्रश वापरणाऱ्यांच्या दातांवरचा थर सरासरी २१ टक्के आणि हिरड्यांची सूज ११ टक्के कमी दिसली. त्यात मोठी माणसंही होती, आणि हे आकडे थराचे व हिरड्यांचे आहेत, किडीचे नाहीत. झोपताना दुधाची बाटली तोंडात राहत असेल आणि दिवसभर बिस्किटं चालू असतील, तर कोणताही ब्रश कीड थांबवू शकत नाही.

खरा उपयोग होतो तो तीस सेकंदांत तोंड मिटून घेणाऱ्या मुलांना, हाताच्या हालचालींवर ताबा कमी असलेल्या मुलांना, आणि ज्या घरी नातवंडांचे दात आजी-आजोबा घासतात पण त्यांची बोटं आखडतात, अशा घरांना.

२. कोणत्या वयापासून द्यावा?

तीन वर्षांनंतर. मुलांच्या बहुतेक इलेक्ट्रिक ब्रशच्या खोक्यावर हेच वय असतं. दुधाचे वीसही दात साधारण अडीच-तीन वर्षांपर्यंत येतात. त्याआधी तोंड लहान असतं आणि मूल ब्रश चावत बसतं, त्यामुळे हेड लवकर खराब होतं आणि हिरडीला लागूही शकतं.

पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात दिसतो. तेव्हापासून तीन वर्षांपर्यंत छोट्या हेडचा, अगदी मऊ साधा ब्रश पुरतो. तीन वर्षांखालच्या बाळांसाठी हलकी थरथर असलेले ब्रश मिळतात. थरथरीची सवय लावायला ते ठीक आहेत, पण घासण्याचं काम तुमच्याच हाताला करावं लागतं. पहिल्या वाढदिवसापर्यंत एकदा दातांच्या डॉक्टरांना दाखवून आणा, ब्रश कोणताही असो.

३. मुलगी साडेचार वर्षांची आहे, स्वतःच घासायचा हट्ट करते. करू द्यावं का?

करू द्या, पण नंतर तुम्ही घासा. सकाळी आधी ती, मग तुम्ही. रात्री मात्र फक्त तुम्ही, कारण झोपेत लाळ कमी होते आणि दातांवर राहिलेलं गोड रात्रभर तसंच राहतं.

मनगट फिरवून आतल्या बाजूने घासण्याइतकी हाताची सफाई सात-आठ वर्षांच्या सुमारास येते. घरच्या घरी एक खूण पाहता येते: बुटाची नाडी स्वतः नीट बांधता येत नसेल, तर दातही स्वतः नीट घासता येत नाहीत. इलेक्ट्रिक ब्रश असला म्हणून हे वय अलीकडे येत नाही. मशीन हेड हलवतं, ते कोणत्या दातावर ठेवायचं हे हातानेच ठरवावं लागतं.

४. गोल फिरणारा घ्यावा की सोनिक?

गोल हेडवाला ब्रश (ओरल-बीचे मुलांचे ब्रश या प्रकारचे) आलटून पालटून डावीकडे-उजवीकडे थोडं थोडं फिरतो. तो एकेका दातावर ठेवायचा असतो. सोनिकचं हेड लांबट, साध्या ब्रशसारखं. त्याचे ब्रिसल्स (ब्रशचे केस) अतिशय वेगाने थरथरतात. फिलिप्स सोनिकेअरच्या मोठ्यांच्या ब्रशमध्ये हा वेग मिनिटाला ३१,००० हालचालींपर्यंत असतो, तर मुलांच्या ब्रशमध्ये हळू चालण्याची वेगळी सेटिंग असते.

तीन ते सहा वर्षांच्या मुलासाठी, पालक घासणार असतील तर, आम्ही गोल हेड सुचवतो. शेवटच्या दाढेच्या मागे आणि गालाच्या आतल्या अरुंद जागेत लहान गोल हेड सहज जातं, आणि आपण कोणत्या दातावर आहोत हे तुम्हाला दिसतं. त्याचा आवाज मोठा असतो, डोक्यात घरघर जाणवते. आवाजाला बिचकणाऱ्या मुलाला सोनिकची बारीक गुणगुण बरी वाटते. काहींना मात्र त्याच्याच गुदगुल्या असह्य होतात. शक्य असेल तर कोणाकडचा तरी चालू ब्रश मुलाच्या हातात देऊन पाहा, मग ठरवा.

एक सावधगिरी. सेलवर चालणाऱ्या पुष्कळ स्वस्त ब्रशच्या खोक्यावर ‘सोनिक’ छापलेलं असतं, पण आत मोबाइलमध्ये असते तशी एक छोटी थरथरणारी मोटर असते. ब्रश मुठीत हलतो, ब्रिसल्स मात्र जागच्या जागीच राहतात. असा ब्रश साध्या ब्रशसारखा हाताने फिरवावा लागतो. दातावर नुसता धरून ठेवला तर फार काही होत नाही.

५. दुकानात उभं राहून नेमकं काय तपासायचं?

आधी हेड. खालची शेवटची दुधाची दाढ साधारण १० मिलिमीटर रुंद असते. हेडने एक, फार तर दीड दाढ झाकली पाहिजे. दोन दाढा झाकणारं हेड मोठ्यांचं समजा. ब्रिसल्सवर ‘एक्स्ट्रा सॉफ्ट’ लिहिलेलं असावं. अंगठ्याच्या नखाच्या कडेला घासून पाहिले तर टोचू नयेत.

मग हेड बसवून जोरात ओढा. ते सहज निघालं किंवा खूप डुगडुगलं, तर तो ब्रश घेऊ नका. २०१२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तोंडात हेड निघण्याच्या आणि भाग तुटण्याच्या तक्रारींमुळे सेलवरच्या एका प्रकारच्या ब्रशबाबत पालकांना इशारा दिला होता.

दांडा तुमच्या मुठीतही बसायला हवा. खेळण्यासारखे आखूड, जाडजूड दांडे मुलाला सोयीचे, पण मागे उभं राहून घासणाऱ्या आईचं मनगट त्यात अवघडतं. दोन मिनिटांचा टायमर हवाच. दर तीस सेकंदांनी खूण करणारा असेल तर उत्तम, म्हणजे तोंडाच्या चारही भागांना सारखा वेळ मिळतो. खोक्यावर ‘आयपीएक्स ७’ असेल तर दांडा नळाखाली धुवायला हरकत नाही, कारण एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिला तरी आत पाणी जाणार नाही, असा त्याचा अर्थ.

आणि पैसे देण्याआधी सुटी हेड्स मिळतात का ते पाहाच. वर्षाला चार हेड्स लागतात. ब्रश स्वस्तात मिळाला आणि त्याचं हेडच कुठे मिळेना, ही पालकांची सगळ्यात नेहमीची तक्रार आहे. एकाच कंपनीतही सगळी हेड्स सगळ्यांना बसत नाहीत. ओरल-बीच्या ‘आयओ’ मालिकेला फक्त त्याच मालिकेची हेड्स लागतात.

६. सेलवाला बरा की चार्जिंगवाला?

रोज वापरायचा असेल तर चार्जिंगवाला. त्याचा वेग बॅटरी संपत येईपर्यंत जवळपास सारखा राहतो. पेन्सिल सेलवरचा ब्रश पहिल्या आठवड्यात जोरात चालतो, मग हळूहळू मंदावतो, आणि हा बदल इतका सावकाश होतो की घरात कोणाच्या लक्षात येत नाही. चार्जिंगचे पेन्सिल सेल १.२ व्होल्टचे असतात, साधे अल्कलाइन १.५ व्होल्टचे. त्यामुळे चार्जिंगचे घातले की काही ब्रश सुरुवातीपासूनच मंद चालतात.

सेलवाला घेतलाच असेल तर पहिल्या दिवशीचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. महिन्याने तुलना करा. आवाज खालच्या पट्टीत गेला असेल तर सेल बदला. मे महिन्याच्या सुट्टीत ब्रश पडून राहणार असेल तर सेल काढून ठेवा, नाहीतर गळून आतल्या पट्ट्या गंजतात.

लाइट जाते म्हणून चार्जिंगवाला नको, असं काही जण म्हणतात. एकदा पूर्ण चार्ज केलेला चांगला ब्रश आठवडाभर तरी आरामात चालतो, त्यामुळे लोडशेडिंगने अडत नाही. चार्जर मात्र न्हाणीघरात, गीझरच्या बोर्डवर लावू नका. कोरड्या खोलीत चार्ज करा.

७. अमेरिकेतल्या मावशीने ब्रश पाठवलाय. इथे चालेल का?

चार्जरच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘इनपुट’ काय लिहिलंय ते वाचा. १०० ते २४० व्होल्ट असेल तर फक्त प्लगचा ॲडॅप्टर लागेल. ११० किंवा १२० च्या आसपासच आकडा असेल तर तो चार्जर आपल्या २३० व्होल्टवर लावू नका, जळेल. प्लगचा ॲडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज बदलत नाही, आणि चूक नेमकी इथेच होते. यूएसबीवर चार्ज होणाऱ्या ब्रशला ही अडचण नाही.

ब्रिटनमधल्या पालकांचा प्रश्न वेगळा असतो: तिथल्या ब्रशच्या चार्जरला शेव्हरच्या सॉकेटची दोन पिनांची प्लग असते, ती घरातल्या तीन पिनांच्या सॉकेटमध्ये जात नाही. शेव्हरचा ॲडॅप्टर घ्यावा लागतो.

८. पेस्ट कोणती आणि किती?

तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. जाहिरातीत दाखवतात तशी ब्रशभर लाट नको. इलेक्ट्रिक ब्रशने फेस जास्त होतो, मूल गुदमरल्यासारखं करतं आणि थांबावं लागतं. कमी पेस्ट असली की तुम्हाला दातही दिसतात.

पेस्टमध्ये फ्लोराइड असावं. भारतात टूथपेस्टमध्ये १००० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत हजार भाग) जास्त फ्लोराइड चालत नाही आणि किती आहे ते ट्यूबवर छापणं बंधनकारक आहे. मुलांच्या काही पेस्टमध्ये ते निम्म्याहून कमी असतं, काहींत अजिबात नसतं. ट्यूबवरच्या कार्टूनवर जाऊ नका, आकडा वाचा. १००० च्या आसपासची पेस्ट, वरच्या मापात, योग्य.

चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांत बोअरवेलच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ते योग्य मानलं जातं. पर्यायी पाणी नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. अशा गावात राहत असाल तर आधी पाणी तपासून घ्या आणि पेस्ट कोणती ते डॉक्टरांशी बोलून ठरवा.

घासून झाल्यावर थुंकायचं, चूळ भरायची नाही. खळखळून चूळ भरली की फ्लोराइड वाहून जातं. घरच्या मोठ्यांना हे पटायला वेळ लागतो, पण ही सवय फार मोलाची आहे.

९. घासायची नेमकी पद्धत काय?

मुलाच्या मागे उभे राहा, त्याचं डोकं तुमच्या पोटाशी टेकवा, किंवा त्याला आडवं करून डोकं मांडीवर घ्या. दुसऱ्या हाताच्या तर्जनीने ओठ उचला. वरच्या पुढच्या दातांची हिरडीजवळची कड दिसली पाहिजे. पिवळसर-पांढरा, सायीसारखा थर तिथेच बसलेला असतो आणि ओठ न उचलता घासलं तर तो रोज तसाच राहतो.

ब्रश तोंडात गेल्यावरच सुरू करा, नाहीतर पेस्ट आरशावर उडते. गोल हेड एका दातावर, हिरडीच्या कडेला टेकवून दोन-तीन सेकंद धरा, मग पुढच्या दातावर सरका. पुढे-मागे खरडू नका. सोनिक असेल तर ब्रिसल्स हिरडीकडे तिरपे धरून सावकाश सरकवा. आधी बाहेरची बाजू, मग आतली, शेवटी चावण्याची.

जोर किती? स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ब्रश दाबून पाहा. १५० ग्रॅमच्या आसपास काटा आला की पुरे. बहुतेकांचा पहिला अंदाज याच्या दुप्पट निघतो. गोल हेड जास्त दाबलं की मोटर अडखळते आणि साफसफाई उलट कमी होते.

१०. मुलगा ब्रशचा आवाज ऐकूनच पळतो. कधी ओकारी काढतो. काय करावं?

आठवडाभर घाई करू नका. पहिले दोन दिवस बंद ब्रशनेच घासा. तिसऱ्या दिवशी चालू ब्रश त्याच्या तळहातावर, मग नखावर टेकवा. नंतर बाहेरून गालावर. मग तोंडात फक्त खालच्या पुढच्या दातांवर, पाच आकडे मोजेपर्यंत. मोजलेला आकडा पाळा. ‘आणखी थोडंसं’ केलंत की दुसऱ्या दिवशी तो तोंड उघडणार नाही.

ओकारी येत असेल तर पेस्ट कमी करा, हनुवटी थोडी खाली झुकवा आणि ब्रश टाळूला मागे लागू देऊ नका. स्वमग्न किंवा स्पर्शाला फार संवेदनशील मुलांना हाच क्रम, पण आठवड्याऐवजी महिना द्या. तरी जमलं नाही, तर साध्या ब्रशवर परत या. त्यात काही बिघडत नाही (प्रश्न १).

११. दोन भावंडांना एकच ब्रश चालेल का?

दांडा एक, हेड्स वेगळी. हेड्सना तळाशी रंगीत कडी असते, प्रत्येकाला एक रंग ठरवून द्या. मोठ्यांचा दांडाही चालतो, पण मुलांचं हेड त्याला बसतं का ते पाहा (प्रश्न ५) आणि वेग सगळ्यात कमी ठेवा.

१२. हेड कधी बदलायचं? खाली काळं-काळं का साचतं?

तीन महिन्यांनी. ब्रिसल्स फाकले असतील किंवा मूल चावत असेल तर त्याआधीच.

काळं साचतं ती पेस्ट, लाळ आणि बुरशी. हेड आणि दांड्याच्या मधल्या फटीतून पाणी-पेस्ट खाली उतरते आणि हेड न काढता ब्रश उभा ठेवला की तिथेच सडते. रोज रात्री हेड काढा, दोन्ही नळाखाली धुवा, दांड्याचा धातूचा दांडू पुसा आणि हेड वेगळं ठेवून वाळवा. पावसाळ्यात टोपण लावून ठेवू नका. बोअरच्या जड पाण्यामुळे हेडच्या भोकात पांढरे क्षार धरतात, मग हेड घट्ट बसत नाही आणि खडखडतं. असं झालं तर हेड बदला आणि दांडू व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसा.

१३. तोंडात धरायचा यू आकाराचा ब्रश कसा आहे? दहा सेकंदांत सगळे दात साफ होतात म्हणे.

घेऊ नका. प्रत्येक मुलाच्या जबड्याचा आकार वेगळा असतो आणि तो साचा एकाच मापाचा. त्यातले सिलिकॉनचे आखूड दात हिरडीच्या कडेपर्यंत पोहोचत नाहीत, आणि थर तर तिथेच असतो.

१४. सहाव्या वर्षी मागे नवीन दाढ दिसतेय, पण कोणताच दात पडला नव्हता. तिला वेगळं काही करावं लागतं का?

ही कायमची दाढ आहे. दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, रिकाम्या जागेत येते, म्हणून घरात कोणाला तिचा पत्ता लागत नाही. तिलाही दुधाचीच समजून सोडून देऊ नका. तिच्यावर खोल खाचा असतात आणि ती आयुष्यभर टिकवायची आहे.

पूर्ण वर यायला तिला कित्येक महिने लागतात. तोवर ती शेजारच्या दाढेपेक्षा बुटकी असते, आणि नेहमीसारखा पुढून मागे नेलेला ब्रश तिच्यावरून अधांतरी जातो. तोंड अर्धवट मिटायला सांगा म्हणजे गाल सैल पडतो. मग ब्रश गालाच्या बाजूने आडवा आत घाला आणि हेड थेट तिच्यावर टेकवा. रोज रात्री दहा सेकंद फक्त तिला द्या. ती पांढरट-पिवळसर, ठिसूळ दिसत असेल किंवा गार पाण्याने ठणकत असेल, तर कोमट पाण्याने घासा आणि लवकर दाखवा. खाचा बुजवण्यासाठी सीलंट लावता येतं, त्याबद्दलही विचारा.

१५. दात हलतोय, किंवा दाढेवर कॅप आहे. चालेल ना?

चालेल. हलणाऱ्या दातावर टेकवून धरू नका, हलकेच पुढे जा. स्टीलची कॅप, सिमेंट, स्पेस मेंटेनर (पडलेल्या दुधाच्या दाताची जागा राखणारी तार), ब्रेसेस, कशालाच इलेक्ट्रिक ब्रशने धोका नाही. उलट कॅपच्या कडेला हिरडीजवळ जास्त वेळ द्या. दात काढला असेल तर पहिले २४ तास त्या जागेपासून ब्रश दूर ठेवा.

१६. हिरडीतून रक्त येतं. ब्रश कडक आहे का?

बहुतेकदा तिथे थर साचून हिरडी सुजलेली असते, म्हणून रक्त येतं. त्या जागी घासणं सोडू नका, हलक्या हाताने चालू ठेवा. आठवडा-दोन आठवड्यांत थांबायला हवं. थांबलं नाही तर डॉक्टरांना दाखवा.

१७. दातांवर काळे डाग आहेत. इलेक्ट्रिकने जातील?

लोहाच्या औषधाचे डाग (आशाताई किंवा अंगणवाडीकडून मिळणारं सिरप धरून) आणि काही जिवाणूंमुळे हिरडीलगत पडणाऱ्या काळ्या रेषा थोड्या फिक्या होतात, पूर्ण जात नाहीत. डॉक्टर पॉलिश करून काढतात. डागासाठी लोहाचं औषध बंद करू नका. देताना जिभेच्या मागच्या बाजूला द्या आणि वर पाणी पाजा. हिरडीलगतचे खडूसारखे पांढरे पट्टे मात्र किडीची सुरुवात असू शकतात. ते काळ्या डागांपेक्षा जास्त तातडीचे.

१८. आजी म्हणतात दंतमंजन किंवा कडुलिंबाची काडीच चांगली. ब्रशवर मंजन घेतलं तर?

इलेक्ट्रिक ब्रशवर मंजन नको. पावडरचे कण खरखरीत असतात, वेगाने फिरणाऱ्या ब्रिसल्सखाली दातांचं कवच झिजवतात, आणि फटीतून शिरून ब्रशही बिघडवतात. काडीने लहान मुलाच्या आतल्या बाजू साफ होत नाहीत. घरात कोणी मिश्री लावत असेल तर ती मुलाच्या बोटाला कधीही लागू देऊ नका. ती भाजलेली तंबाखू आहे.

१९. ब्रशमधला बटण सेल मुलाने गिळला असावा अशी शंका आहे.

दिवे लागणाऱ्या काही स्वस्त ब्रशमध्ये बटण सेल असतो. अन्ननलिकेत अडकलेला बटण सेल दोन तासांत आतून भाजू शकतो. नाणं गिळल्यावर देतात तसं केळं किंवा भात खायला देऊ नका, उलटी काढायला लावू नका, वाट पाहू नका. एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात लगेच घेऊन जा आणि तसाच दुसरा सेल किंवा ब्रशचं खोकं सोबत न्या. सेलचं झाकण स्क्रूने बंद होत नसेल, तर असा ब्रश घरात आणूच नका.

२०. मुलाला कॉक्लिअर इम्प्लांट आहे. इलेक्ट्रिक ब्रश वापरता येईल का?

शरीरात कोणतंही उपकरण बसवलेलं असेल (कॉक्लिअर इम्प्लांट म्हणजे ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने बसवलेलं उपकरण, पेसमेकर, डोक्यातलं जादा पाणी काढणारी, चुंबकाने जुळवायची नळी म्हणजे शंट), तर आधी ते बसवणाऱ्या डॉक्टरांना विचारा. इलेक्ट्रिक ब्रशमध्ये आणि त्याच्या चार्जरमध्ये चुंबकीय क्षेत्र असतं. ब्रशचं मॉडेल आणि माहितीपत्रक सोबत न्या, म्हणजे उत्तर त्याच भेटीत मिळेल. तोवर साधा ब्रश वापरा, पद्धत प्रश्न ९ मधलीच, फक्त हेड हाताने लहान गोलाकार फिरवायचं.